बर्फातला बगळा

पाटी रंगवायला घेतली की मी दुकानाचं नाव वाचत नाही, जोखतो. रुंद अक्षरं किती, बारीक किती, वेलांटी कुठं वर चढणार, उकार कुठं खाली लोंबणार, हे एकदा डोळ्यांत बसलं की दोन टोकांना खिळे ठोकायचे, सूत ताणायचं, त्याला खडूची भुकटी चोळायची आणि मधोमध चिमटीत धरून सोडून द्यायचं. पत्र्यावर सरळ रेष उमटते. तिला अक्षरं टांगायची. एवढीच आमची विद्या. बाकी सगळा हाताचा खेळ, आणि हात माझा चांगला होता. होता कशाला, आहे. बदनापुरातल्या जुन्या पाट्यांकडे अजून बघा. रंग उडालाय, पत्रा गंजलाय, पण अक्षराची कड बघा. पेंटरची इज्जत कडेत असते. कड थरथरली की समजावं, हा माणूस घाईत होता नाहीतर प्यालेला होता.

गिऱ्हाइकं मला एकेक नग भेटली. टेंभुर्णीच्या एका किराणावाल्याला पाटीवर दुकानातला झाडून सगळा माल लिहून हवा होता. हळद, हिंग, सुतळी, खराटे, सगळं. मी म्हटलं, मग तुमचं नाव कुठं लिहू? तो म्हणाला, नाव गावाला माहीत आहे, माल माहीत नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या एका व्यापाऱ्याने पाटीवर मिरचीचं चित्र काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की ही मिरची आमची नाही. मी गेलो. त्याने ओंजळभर मिरच्या माझ्यापुढं ओतल्या आणि देठ कुठं वळतो ते दाखवलं. त्याचं बरोबर होतं. मी देठ बदलून दिला. तेव्हापासून कुठलीही वस्तू न बघता काढायची नाही असं मी ठरवलं, आणि बर्फाचं काम येईपर्यंत ते पाळलंही.

निळा हा माझा घरचा रंग. एप्रिलातली जयंती जवळ आली की कमानी, विहाराच्या भिंती, मिरवणुकीचे फलक, सगळीकडे निळाच निळा. लोक मला मिलिंद पेंटर म्हणतात, पण जयंतीच्या महिन्यात मी नुसता निळा पेंटर असतो. माझ्याकडं दुसरा कुठला रंग संपेल, निळा कधी संपत नाही. पुढं याच उरलेल्या निळ्याने माझी लाज राखली.

मग फ्लेक्स आले आणि पाटीचा धंदा बसला. त्याचं रडगाणं मी इथं गाणार नाही. माझे दोन-तीन सोबती रिक्षा चालवायला लागले, मी भिंतींकडं वळलो. शाळेच्या भिंतीवर नकाशे, अंगणवाडीत ससे, लग्नाच्या हॉलमध्ये मोर. असाच एकदा जालन्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला.

दवाखाना एका तरुण डॉक्टरीणबाईंचा. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही म्हणतो. त्यांना पेशंट बसतात त्या खोलीच्या भिंतीवर चित्र हवं होतं. त्या शिकायला परदेशात होत्या तेव्हा तिथल्या संग्रहालयात त्यांनी एक चित्र पाहिलं होतं आणि त्याची छापील प्रत आणून जपून ठेवली होती. हिवाळ्यातली नदी. काठावर बर्फ, पाण्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे, पानं झडलेली उंच झाडं, काठाला लावलेली एक काळपट होडी आणि पलीकडे एक लालसर छप्पर. चित्रकार फ्रेंच, नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. मॅडम म्हणाल्या, मे महिन्यात लोक इथं घामाने निथळत बसतात, निदान डोळ्यांना तरी गार वाटू दे.

मी प्रत हातात घेतली आणि मला ती बिघडलेली वाटली. कशालाच कड नाही. पाणी कुठं संपतं आणि बर्फ कुठं सुरू होतो, पत्ता लागत नाही. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे ठिपके आणि फटकारे. मॅडमनी समजावलं, की या लोकांना इम्प्रेशनिस्ट म्हणतात. ते वस्तू काढत नाहीत, त्या घटकेला वस्तूवर पडलेला उजेड काढतात. मी मान हलवली. गिऱ्हाईक समजावत असलं की मान हलवायची, ही सवय आहे.

छापील चित्र मोठं करायची आमची रीत सोपी आहे. चित्रावर पारदर्शक कागद ठेवून चौकोन पाडायचे, तेवढेच चौकोन भिंतीवर मोठे पाडायचे आणि एकेक चौकोन भरत जायचा. मी तसंच केलं आणि काठ भरून दाखवला. बर्फाचा प्रत्येक तुकडा मी कडेसकट काढला होता, सावलीला राखाडी मारली होती. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मिलिंदभाऊ, ही फरशी झाली. नदी कुठंय?"

राग आला मला. मी काम बंद करून घरी आलो. पण सकाळी दूध आणायला निघालो तो दुधनेच्या पुलावर थांबलो. थंडीचे दिवस होते, नदीवर धुकं बसलं होतं. काठाने म्हशी चालल्या होत्या आणि त्यांना पाय नव्हते. नुसत्या काळ्या पाठी वाहत चालल्यासारख्या दिसत होत्या. पलीकडचा बांध कुठं सुरू होतो ते मला, ज्याने जन्मभर या नदीचं पाणी प्यायलं, त्यालाही सांगता आलं नसतं. आणि तरी ती दुधनाच होती, दुसरी कुठली नव्हती. मी दूध न घेताच घरी आलो, आणि बायकोने जे काय म्हणायचं ते म्हटलं.

परत गेलो आणि काठ पुसून टाकला. प्रत नीट बघितली तेव्हा कळलं की तिच्यात काळा रंग जवळजवळ नाहीच. बर्फाची सावली निळी आहे. फिकट, कुठं जांभळट, पण निळी. मी जयंतीचा उरलेला डबा काढला, त्यात पांढरा ओतला आणि मग जे हात चालले ते चालले. जवळून काही कळत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने ब्रश घेऊन समोरच्या भिंतीपर्यंत मागं सरकायचं, बघायचं आणि परत पुढं यायचं. मधे पेशंट बसलेले. सरका मावशी, पाय घ्या काका, असं करत मी ती नदी पुरी केली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते. मी असं म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हटलं नाही.

लोकांचं म्हणणं एकच. पुसट आहे. आणखी एक हात मारायचा राहिला का, असं मला विचारून विचारून त्यांनी जेरीस आणलं. मॅडमना पैसे कमी पडले असतील, अशीही एकाने शंका काढली. मी हसत होतो. पण या पुसटपणाने एक दिवस घोटाळा केला.

टेंभुर्णीच्या अनुसयाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास, सोबत मुलगा. जन्मभर गोधड्या शिवलेल्या बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक तर पार पिकलेला. डोळ्यांत थेंब घालून त्यांना माझ्या चित्रासमोर बसवलं होतं. त्यांनी मुलाला विचारलं, समोर काय आहे. तो म्हणाला, नदी. त्यांनी विचारलं, तुला ती कशी दिसते. तो म्हणाला, पुसटच काढलीय. त्यावर बाई ताडकन उठल्या. त्या काय म्हणाल्या ते नंतर दवाखान्यातल्या प्रत्येकाने मला ऐकवलं.

"तुझे डोळे चांगले, तुलाबी पुसट दिसून राह्यलं. मलाबी पुसटच दिसतं. मंग माझा डोळा काहून कापायचा?"

आणि चपला घालून त्या रस्त्याला लागल्या. मुलगा मागून पळाला, पण बाई एसटीत बसून टेंभुर्णीला गेल्यासुद्धा.

मॅडमनी मला बोलावून घेतलं. आधी मला हसू आलं, मग त्यांचा चेहरा बघून थांबलो. त्या म्हणाल्या, की पिकलेला मोतीबिंदू तसाच ठेवला तर डोळ्यात ताण वाढतो, आणि एकदा नजर गेली की मग कुठलाही डॉक्टर ती परत आणू शकत नाही. मुलाचं बाई ऐकत नाहीत. तुमच्या चित्राने त्या गेल्या, तुम्हीच बोलून बघा.

मी टेंभुर्णीला गेलो. अनुसयाबाई दारात बसून गोधडीला टाके घालत होत्या. सुई त्यांना सून ओवून देत होती, आणि टाका कुठं पडतोय ते त्या डाव्या हाताच्या बोटांनी चाचपत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांना आनंद झाला. माझ्या चित्रामुळे त्या वाचल्या असं त्यांचं म्हणणं. मी खूप समजावलं, की पुसट काढलेलं वेगळं आणि पुसट दिसणं वेगळं. त्या ऐकत होत्या आणि टाके घालत होत्या. शेवटी बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर आली. त्यांच्या थोरल्या जावेचं फार पूर्वी कुठंतरी असंच ऑपरेशन झालं होतं आणि तो डोळा कायमचा गेला होता. जाऊबाई मरेपर्यंत भिंत धरून चालल्या. अनुसयाबाईंनीच त्यांना हाताला धरून नेलं, आणलं. ते सांगताना त्यांची सुई थांबली होती. चित्र हे नुसतं निमित्त होतं. बाई घाबरल्या होत्या आणि त्यांना परत जायला वाट हवी होती, ती मी भिंतीवर काढून ठेवली होती.

मला एकदम सुचलं. म्हटलं, मावशी, मी त्या चित्रात एक पाखरू काढतो. पुसट नाही, कड धरून नीट काढतो. तुमच्या मुलाला दिसलं आणि तुम्हाला नाही दिसलं, तर डोळा मॅडमच्या हवाली करायचा. त्यांनी विचारलं, "आन् मला दिसलं तर?" मी म्हटलं, तर मीच तुम्हाला टेंभुर्णीला आणून सोडतो आणि परत कुणी तुमच्या दारात येणार नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि कबूल झाल्या. बाई सौद्याला पक्क्या होत्या.

मॅडमना ते आवडलं नाही. मूळ चित्रात पाखरू नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मूळ चित्रकाराच्या समोर अनुसयाबाई बसल्या नव्हत्या. मग त्या हसल्या आणि हो म्हणाल्या.

आता प्रश्न इमानाचा होता. पाखरू फार बारीक काढलं तर चांगल्या डोळ्यालाही दिसणार नाही आणि ती फसवणूक होईल. ठसठशीत काढलं तर बाईंना दिसेल आणि डोळा जाईल. मी होडीच्या उजवीकडे, काठावरच्या बर्फात, वीतभर उंचीचा बगळा काढला. पांढऱ्यावर पांढरा. एका पायावर उभा, पोटाखाली निळी सावली, चोच आणि पाय बारीक पण स्वच्छ. कड अशी, की पाटीवरही काढली नसेल. मग समोरच्या खुर्चीत एकेकाला बसवून विचारलं. ज्याचे डोळे ठीक त्या प्रत्येकाला तो दिसला.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई आल्या, खुर्चीत बसल्या. मुलाला बगळा लगेच दिसला, पण मॅडमनी त्याला गप्प राहायची खूण केली. बाईंनी डावीकडून सुरुवात केली. झाडं, पाणी, छप्पर, होडी. मान हळूहळू फिरत होती. बगळ्यावरून ती पुढं गेली, परत आली, परत पुढं गेली. माझी मलाच लाज वाटायला लागली, की म्हाताऱ्या माणसाची ही कसली परीक्षा घेतोय आपण. शेवटी त्या म्हणाल्या, की पेंटरने काही काढलेलंच नाही, सगळे मिळून मला फसवताहेत.

मी त्यांना हाताला धरून भिंतीपाशी नेलं आणि त्यांचं बोट बगळ्याच्या पाठीवर टेकवलं. रंग कालचा होता, अजून चिकट. त्यांनी बोट हळू फिरवलं, जसं गोधडीवर फिरवत होत्या तसं. पाठ, मान, चोच, सगळं चाचपलं. मग बोट डोळ्यांशी नेऊन अंगठ्याने चोळलं. रंग हाताला लागला होता.

"चल मंग," त्या म्हणाल्या. "पर तू हितंच थांब."

मी थांबलो. मला भीती वाटत होती, हे कबूल करतो. जावेसारखं काही झालं असतं तर मी कुठं तोंड लपवलं असतं?

झालं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून त्यांना त्याच खुर्चीत आणून बसवलं. त्यांनी समोर बघितलं आणि कितीतरी वेळ नुसत्या बघतच राहिल्या. मी वाट बघत होतो, की आता कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "इतका मोठा होता व्हय? मला वाटलं बारका आसल." मग आणखी बघून म्हणाल्या, की बगळा तेवढा नीट काढलाय, बाकीचं सगळं अर्धवट सोडलंय. मग मात्र त्यांचे डोळे भरून आले आणि मॅडम रागावल्या, की डोळ्याला पाणी लावायचं नाही.

तेव्हापासून त्या दवाखान्यात 'बगळा दिसला का' असं विचारायची पद्धतच पडली. पेशंट एकमेकांना विचारतात. मॅडमची मशिनं आत असतात, पण लोकांचा विश्वास बगळ्यावर. एवढा मान मिळवलेलं चित्र जिल्ह्यात दुसरं नसेल.

यानंतर काही वर्षं गेली. मी तिकडं फिरकलो नाही, कामंच वेगळ्या दिशेला होती. मग मोटारसायकलच्या दिव्याभोवती मला वलय दिसायला लागलं होतं. सुईत दोरा ओवायला बायकोने दिला की मी कामाचं निमित्त काढून बाहेर जायचो. त्या वर्षी विहाराच्या भिंतीवर आकाश रंगवलं तर गल्लीतले लोक म्हणाले, पेंटर, निळा जास्त झाला. मी म्हटलं, जयंतीला निळा जास्त कधी होतो का? बायको म्हणाली, अहो, ढग पांढरे काढायचे होते ना, पांढरा कुठंय यात? मला तर तो चांगला दिसत होता. डोळे दाखवून या, असं ती रोज म्हणायची. मी म्हणायचो, हाताला सगळं पाठ आहे. हात म्हणजे माझा तिसरा डोळा, वगैरे. चांगलं वाटायचं बोलायला.

शेवटी तिलाच चष्मा लागला म्हणून मी तिला घेऊन मॅडमच्या दवाखान्यात गेलो. ती आत गेली, मी माझ्या नदीसमोर बसलो. शेजारी एक बाई होत्या. त्यांनी मला आधी ओळखलं. अनुसयामावशी, दुसऱ्या डोळ्यासाठी आलेल्या, यावेळी आपणहून. पहिला डोळा त्यांचा लख्ख होता. सुई आता त्या स्वतः ओवत होत्या आणि ते त्यांनी मला तीनदा सांगितलं. मग चित्राकडं हनुवटी करून त्या म्हणाल्या, "पेंटर, तुझा बगळा दिसतो का रे?"

मला हसू आलं. मलाच विचारताय? मी बसल्या जागेवरून बोट केलं. म्हटलं, तो काय, होडीच्या उजवीकडे. एका पायावर उभा, चोच खाली, पोटाखाली निळी सावली. आणि खरं सांगतो, मला तो दिसत होता.

मावशी माझ्या बोटाकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"तिथं बगळा न्हाई, बाबा," त्या हळू म्हणाल्या. "भिंतीमागची नळी गळत व्हती. औंदा पावसाळ्यात भिंत फुगली, ती खरवडून पुट्टी मारली. मी आल्याबराबर त्यालाच हुडकलं, तवा मॅडमनी सांगितलं."

मी उठलो, भिंतीपाशी गेलो आणि होडीच्या उजवीकडे बोट टेकवलं. खरखरीत पुट्टी. वर घाईघाईने मारलेला पांढरा. पाठ नाही, मान नाही, चोच नाही. बर्फातच भगदाड बुजवल्यामुळे लांबून ते खटकत नव्हतं, मला तर नाहीच. पाटी, भिंत, कमान, गेल्या वर्षभरात मी जे जे रंगवलं ते बघून रंगवलं की आठवून, हे मला सांगता येईना. या बाईंना मी इथंच उभं केलं होतं, याच जागी, आणि तेव्हा मला त्यांची थोडी कीव आली होती.

मावशी मागून आल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

"चल मंग," त्या म्हणाल्या.

माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदूच निघाला, ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मी आधी विहाराची भिंत बघून आलो. गल्लीतले लोक बरोबर होते, आकाश निळीत बुडवून काढल्यासारखं झालं होतं. मोतीबिंदूत निळा फिका दिसतो, म्हणून मी तो ओतत गेलो होतो. ते मी दुरुस्त केलं आणि बायकोला बोलावून ढग दाखवले. मग मॅडमना सांगून दवाखान्यातली ती पुट्टी घासली, बर्फ परत जुळवला आणि सावकाश, कड धरून, नवा बगळा काढला.

यावेळी जागा बदलली आहे. मॅडमना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि मावशींना कुणी न सांगता ठाऊक आहे. माझ्यापुरता तो बगळा आता कुचकामी. कुठं आहे हे ज्याला माहीत, त्याला तो दिसणारच. म्हणून दर वर्षी तपासणीला गेलो की मी चित्राकडं पाठ करून बसतो आणि मॅडमच्या मशिनपुढं निमूट हनुवटी टेकवतो.

बगळा नेमका कुठं आहे ते इथं लिहीत नाही. कधी गेलात तर समोरच्या खुर्चीत बसून स्वतः शोधा. नाही सापडला तर पेंटरने काढलाच नाही असं म्हणू नका. केसपेपर डाव्या हाताच्या खिडकीवर मिळतो.